लेखकराव

परभणी जिल्ह्यातल्या चुडाव्यात बसून प्रेमकथा लिहायची तर पहिली अडचण प्रेमाची येत नाही, जागेची येते. दोन माणसांना पाच मिनिटं एकटं बोलता येईल अशी जागा या गावात कुठं आहे, हे लिहिणाऱ्याला आधी ठरवावं लागतं. पारावर म्हातारे असतात. स्टेशनवर नांदेडला दवाखान्यात निघालेले पाव्हणे असतात. देवळात बाया असतात, आणि बाया नसतात तेव्हा देवळाला कुलूप असतं. ना. सी. फडक्यांच्या सुखवस्तू नायकाला बंगल्याची गच्ची तरी होती. आमच्याकडं गच्चीवर सोयाबीन वाळत घातलेलं असतं आणि त्याच्या राखणीला आजी बसलेली असते.

या अडचणीशी एकहाती झुंजणारा माणूस म्हणजे आमचे लेखकराव. हे त्यांचं नाव नव्हे, गावानं दिलेली पदवी आहे. आणि ती देताना गावाच्या मनात आदरच होता असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं दुकान आहे. बोर्डावर झेरॉक्स, सातबारा, पीक विमा, पॅन कार्ड, रिझर्व्हेशन आणि लग्नपत्रिका एवढं लिहिलेलं आहे. कादंबरीचा उल्लेख नाही. वय पन्नाशीचं, चष्मा कपाळावर, बोटं कळफलकावर. पेन एकच, ते गिऱ्हाइकांसाठी, सुतळीनं टेबलाला बांधलेलं. पूर्णा आणि लिंबगाव या दोन स्टेशनांच्या दरम्यान इतक्या वेगानं मराठी टाईप करणारा दुसरा माणूस नाही. कॉम्प्युटरवर कायम दोन खिडक्या उघड्या असतात. एकीत शासन, दुसरीत शृंगार. हात एका खिडकीतून दुसरीत असा सहज जातो की समोरच्या शेतकऱ्याला वाटतं, आपल्याच फॉर्मचं काम चाललंय.

कधी कधी खिडक्या चुकतात. एका शेतकऱ्याच्या अर्जात ‘नुकसानीचे कारण’ या रकान्यात ‘तिच्या ओल्या पापण्या’ असं छापून आलं. नशिबानं ते वर्ष अतिवृष्टीचं होतं आणि ‘ओल्या’ एवढा शब्द वाचून तो अर्ज पुढं गेला असावा. उलट चूक मात्र लेखकरावांना फळली. नायकानं नायिकेला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी उत्पन्नाच्या दाखल्यातलं वाक्य चिकटून गेलं: वरील माहिती सत्य असून खोटी आढळल्यास मी कायदेशीर कारवाईस पात्र राहीन. लेखकराव दोन दिवस घाबरलेले होते. पण वाचक बाया त्या पत्रावर फिदा झाल्या. कारण चंद्रतारे आणून द्यायचं वचन त्यांनी पुष्कळ नायकांच्या तोंडून ऐकलं होतं. सहीनिशी हमी देणारा नायक पहिल्यांदाच भेटला होता.

दुसऱ्याचे अर्ज लिहिता लिहिता कादंबरीकार होणं हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. इंग्रजीतली ‘पामेला’ ही १७४० सालची गाजलेली प्रेमकादंबरी सॅम्युअल रिचर्डसन नावाच्या लंडनच्या छापखानेवाल्यानं लिहिली. हा गृहस्थ पोरवयात गल्लीतल्या मुलींना प्रेमपत्रांची उत्तरं लिहून द्यायचा. पुढं त्याला खेड्यापाड्यातल्या लोकांसाठी नमुन्याची पत्रं लिहून देण्याचं काम मिळालं आणि त्या नमुन्यातूनच कादंबरी निघाली. हे मी लेखकरावांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, “सर, पत्रामागं किती घेत होता?”

स्थानिक पुरावाही त्यांच्याकडं आहे. सातोन्यात जन्मलेले आणि परभणीत राहिलेले बी. रघुनाथ निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरीला होते. फायलींच्या ढिगात बसून त्यांनी कविता लिहिल्या, ‘हिरवे गुलाब’सारख्या कादंबऱ्या लिहिल्या आणि १९५३मध्ये चाळिशीतच गेले. “तेबी अर्जाफाट्यातच बसून लिवत होते,” असं लेखकराव म्हणतात आणि पीएम किसानची केवायसी करायला घेतात. हे नातं बी. रघुनाथांना मान्य झालं असतं की नाही, हा प्रश्न ते उपस्थित होऊ देत नाहीत.

त्यांचं शास्त्रशुद्ध शिक्षण झालं ते १९९५ साली. त्या वर्षी परभणीत नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. तेव्हा विशीत असलेले लेखकराव मंडपात किती वेळ होते कुणास ठाऊक, पण परत येताना फडक्यांचं ‘प्रतिभासाधन’ घेऊन आले. १९३१चं हे पुस्तक म्हणजे कथा-कादंबरी कशी रचावी याचं तंत्र. त्यातून त्यांनी एक गोष्ट पक्की उचलली: गाठ घातल्याशिवाय सोडवता येत नाही. नायक आणि नायिका एकमेकांना आवडले, घरच्यांनाही आवडले, तर ती कादंबरी होत नाही, पत्रिका होते. आणि पत्रिका छापायला त्यांच्याकडं वेगळा दर आहे.

म्हणजे भेट हवी आणि अडथळाही हवा. चुडाव्यात अडथळ्याचा तोटा नाही. तोटा भेटीचा. पूर्वी लेखकरावांकडं त्यावर रामबाण उपाय होता, तो म्हणजे क्रॉसिंग. रूळ एकेरी होते तेव्हा समोरून एक्सप्रेस येईपर्यंत पॅसेंजर स्टेशनात खोळंबायची. तेवढ्यात नायक खाली उतरून पाण्याची बाटली भरायचा, नायिका खिडकीत असायची, आणि एक्सप्रेस जितकी लेट तितका भाग मोठा. परभणी-मुदखेड मार्गाचं दुहेरीकरण झालं आणि जनतेची सोय झाली. लेखकरावांच्या तीन कादंबऱ्या मात्र अर्ध्यावर लटकल्या. आता पॅसेंजर मिनिटभर थांबते आणि निघते. “मिनटात काय व्हतंय सर? नुसतं नाव कळतंय. तेबी एकाचंच.”

रेल्वे गेल्यावर राहिलं शेत. आणि इथं त्यांनी जो सिद्धांत मांडला, तो कुठल्याही विद्यापीठात शिकवावा असा आहे. त्यांच्या मते मराठवाड्यातल्या प्रेमकथेचा ऱ्हास सिनेमानं केला नाही की मोबाईलनं केला नाही. तो सोयाबीननं केला. पूर्वी खरिपात ज्वारी असायची, डोक्याच्या वर. वाटेवरून बैलगाडी गेली तरी आत कोण आहे ते दिसायचं नाही. सोयाबीन वाढून वाढून गुडघ्याच्या थोडं वर जातं आणि शंभरेक दिवसांत निघूनही जातं. “त्यात ससा लपना, नायक कुठून लपल?” कापूस बरा, पण वेचणीला बायांची टोळी असते. उसात रानडुकरं असतात. उरली तूर. ती पुरुषभर उंच होते आणि पार डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी राहते. म्हणून लेखकरावांच्या सगळ्या महत्त्वाच्या भेटी तुरीत होतात. पीक विम्याचे अर्ज लोक त्यांच्याच दुकानात भरून घेतात, त्यामुळं कुणाच्या गटात यंदा किती तूर आहे हे त्यांना तलाठ्याच्या आधी कळतं. त्यावरून ते कादंबरीतली प्रकरणं ठरवतात.

हा सिद्धांत हसण्यासारखा वाटेल, पण त्याला दोन हजार वर्षांचा आधार आहे. सातवाहन राजा हालानं संकलित केलेली ‘गाथासप्तशती’ याच गोदावरीच्या खोऱ्यातली, महाराष्ट्री प्राकृतातली. स. आ. जोगळेकरांनी १९५६मध्ये ती मराठीत विस्तारानं आणली. तिच्यात नदीकाठच्या खेड्यांतली माणसं शेतात, तागाच्या आड, वेतांच्या झुडपांत भेटतात. आणि पीक काढणीला आलं की भेटीची जागा जाणार म्हणून नायिकेचं तोंड उतरतं. धान्य घरात येतंय याचं सगळ्या गावाला सुख आणि एका मुलीला दुःख. मी हे सांगितल्यावर लेखकराव कितीतरी वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हंजे हार्वेस्टर यायच्या आधीबी हेच व्हतं म्हना की.”

शृंगार लिहिणाऱ्याला टोकणारी माणसंही या जिल्ह्यात जुनी आहेत. भास्करभट्ट बोरीकर हे महानुभाव कवी आपल्या परभणीकडच्या बोरीचे मानले जातात. त्यांच्या ‘शिशुपालवधा’त शृंगार इतका रंगला की पंथातल्या ज्येष्ठांनी, ग्रंथ उत्तम झालाय पण संसार सोडलेल्यांच्या कामाचा नाही, असा अभिप्राय दिला. मग त्यांनी उद्धवगीता लिहिली. लेखकरावांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, संसार सोडलेल्यांनी वाचलाच कशाला? आपला वाचक संसारात अडकलेला आहे, त्याच्यासाठी लिवलेलं आहे.

तो वाचक त्यांना मिळाला कसा, हीसुद्धा एक कथाच. २०२४च्या जुलैत ‘लाडकी बहीण’चे फॉर्म सुरू झाले. दुकानापुढं सकाळपासून बायांची रांग, हातात आधार, पासबुक आणि रेशनकार्ड. आणि आत सर्व्हर बंद. घरी जावं तर नंबर जाणार, बसावं तर काम नाही. वातावरण तापायला लागलं तसं लेखकरावांनी घाबरून दुसरी खिडकी उघडली आणि मोठ्यानं भाग वाचायला सुरुवात केली. नायिकेचं नायकाच्या कंपनीत पहिलं पाऊल पडलं, तसा बाहेरचा गलका थांबला. नायकानं तिचा अपमान केला, तेव्हा रांगेतून दोन शिव्या आल्या. चौथ्या भागाला सर्व्हर चालू झाला आणि मागून आवाज आला, “ऱ्हाऊ द्या हो भाऊ, आधी त्याचं काय झालं ते सांगा!” दुसऱ्या दिवशी ज्यांचा फॉर्म भरून झाला होता त्या बायाही रांगेत होत्या.

तोवर लेखकराव मोबाईलवरच्या चालीप्रमाणं लिहीत होते. प्रतिलिपी हे २०१४मध्ये बंगळुरूत सुरू झालेलं ॲप. त्यावर मराठी प्रेमकथा भागाभागानं चालतात आणि बहुतेकांत नायक मोठ्या कंपनीचा गर्विष्ठ मालक असतो. लेखकरावांचाही अर्णव तसाच होता: करारी डोळे, काळी गाडी, विसाव्या मजल्यावर केबिन. लेखकराव स्वतः विसाव्या मजल्यावर कधी गेले नव्हते, त्यामुळं अर्णव लिफ्टमध्ये शिरताना चपला बाहेर काढायचा. रांगेतल्या बायांनी ते चालवून घेतलं. पण बाकीच्या गोष्टींत त्यांनी एकेक करून खोडा घातला.

“आठला उठती ही पोरगी? मग पाणी कोन भरतंय?”

“तिला परदेशात नेतुया म्हनं. तिच्या मायला इचारलं का?”

“फुलं कामून आनतुया रोज? भाजी आनावं.”

आणि एक म्हातारी, काठी टेकून बसलेली, सगळ्यांचं झाल्यावर म्हणाली, “लेखकराव, त्यानं तिला ‘तू जेवलीस का’ एवढं इचारू द्या. लई झालं.”

लेखकरावांनी लिहिलं. पॅरिसचा प्रसंग काढून टाकला आणि तिथं अर्णवला स्वयंपाकघरात आणला. रात्रीचे अकरा, सगळ्यांची जेवणं झालेली, ती तव्यावरची शेवटची भाकरी उलटतेय, आणि कंपनीचा मालक पाटावर बसून म्हणतो, तू जेवल्याशिवाय मी उठत नाही. त्या भागाला जेवढे वाचक आले तेवढे पॅरिसला कधी आले नव्हते. प्रेमकथेच्या तंत्रावर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण नायकानं काय द्यावं हे वाचणाऱ्याच्या घरात काय कमी आहे त्यावर ठरतं, हे त्या म्हातारीइतकं थोडक्यात कुणी सांगितलेलं मला माहीत नाही.

दुसरा खोडा आडनावाचा. चुडाव्यात नुसतं नाव घेऊन कथा पुढं जाऊच शकत नाही. लेखकरावांच्या आई रोज रात्री भाग ऐकतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, “कुठलं हाय पोरगं? आडनाव काय?” आडनाव सांगितलं की जात कळते, जात कळली की गाव कळतं, गाव कळलं की त्या गावातला एखादा पाव्हणा निघतो आणि तो दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन बसतो. म्हणून लेखकराव आडनाव देतच नाहीत. शंभर भाग झाले तरी अर्णव नुसता अर्णव. आईचा दुसरा प्रश्न, “जमीन किती?” कंपनी आहे म्हणून सांगितलं तर त्यांना ते खरं वाटत नाही. शेवटी लेखकरावांनी अर्णवच्या नावावर बारा एकर केली. तेव्हा आईनं विचारलं, “कोरडवाहू का कॅनॉलखालची?” ती कॅनॉलखालची निघाली तेव्हा कुठं लग्नाला मान्यता मिळाली.

लग्नाच्या कायद्याचा मात्र लेखकरावांइतका सुंदर उपयोग कुणी केला नसेल. १९५४चा विशेष विवाह कायदा वकिलांना माहीत असतो, पळून जाणाऱ्यांना माहीत असतो. कादंबरीकारांनी त्याच्याकडं दुर्लक्ष केलंय. त्या कायद्यानं लग्नाची नोटीस द्यावी लागते, ती कचेरीत लावली जाते, आणि तीस दिवस कुणीही येऊन हरकत घेऊ शकतो. “तीस दिवस म्हंजे तीस भाग, सर!” लेखकराव हे सांगताना खुर्चीवरून उठतात. नोटीस बोर्डावर लागली. पहिल्या दिवशी ती शिपायानं वाचली. दुसऱ्या दिवशी चहावाल्यानं. पाचव्या दिवशी नायिकेचा चुलता उत्पन्नाचा दाखला काढायला त्याच बोर्डापुढं उभा, पण चष्मा घरी राहिलेला. ते पाच भाग मी स्वतः रात्री जागून वाचले आहेत. गाठ कशी घालावी हे फडक्यांनी शिकवलं. ती शासनाकडून फुकट मिळते, हे लेखकरावांनी शोधलं.

इतकं सगळं असून साहित्यिकांत त्यांना खुर्ची नाही. एका कॉलेजचे प्राध्यापक दुकानात झेरॉक्सला येतात. त्यांच्या स्वतःच्या कादंबरीत पहिल्या प्रकरणात बैल मरतो, तिसऱ्यात विहीर आटते आणि शेवटी कुणीच उरत नाही. ते एकदा म्हणाले, “लेखकराव, तुमच्या लिखाणात दुष्काळ नाही, कर्ज नाही, आत्महत्या नाही. वास्तव कुठं आहे?”

लेखकरावांनी कागद सरळ करून मशीनमध्ये घातले. “सर, वास्तव ह्या बाजूच्या खिडकीत हाय. दिवसभर तेच भरायलोय. माझी वाचकीण त्याच घरात ऱ्हाती. तिला रातच्याला परत तेच सांगू का? वीस रुपये झाले.”

मला दोघांचंही पटतं, पण वीस रुपयांचं उत्तर जास्त पटतं.

कुणी चावटपणाचा आरोप केला तर लेखकराव सुप्रीम कोर्टापर्यंत जातात. चंद्रकांत काकोडकर हे त्यांचं दैवत. काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेच्या खटल्यात सापडली. खालून वर जात प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात पोचलं आणि १९६९मध्ये न्यायमूर्तींनी ती अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. त्याच वर्षी काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वरून निघालेला ‘दो रास्ते’ देशभर चालला. एकाच वर्षी कोर्टातून सुटका आणि पडद्यावर राजेश खन्ना. प्रेमकथाकाराच्या आयुष्यात याहून मोठं काय घडणार? लेखकरावांनी त्या निकालाची प्रत लॅमिनेट करून ठेवली आहे. चुडाव्याला पोलीस ठाणं आहे, त्यामुळं तयारीत राहिलेलं बरं, असं त्यांचं मत. आजवर तिथला एकच शिपाई दुकानात चौकशीला आला. त्याला अठ्ठेचाळिसावा भाग उघडत नव्हता.

त्यांना एकदा मी विचारलं की सगळ्या कादंबऱ्यांचा शेवट गोडच का? लंडनच्या ‘मिल्स अँड बून’नं १९०८मध्ये दुकान मांडलं आणि पुढं प्रेमकथांवरच धंदा उभा केला, तिथंही नियम हाच, हे मला ठाऊक होतं. मला लेखकरावांचं कारण हवं होतं. ते म्हणाले, “बाया शंभर दिवस थांबत्यात, सर. रोज दोन मिनिटं देत्यात. शेवटाला त्याला मारलं तर त्या माझ्याकडं फॉर्म भरायला तरी येतेल का?”

कारण धंद्याचं वाटलं तरी त्यात लेखकाची जबाबदारी आहे, आणि ती फार थोडे लेखक पाळतात. शोकांतिका लिहिणारा शेवटी वाचकाला रडवून मोकळा होतो आणि त्याला त्याबद्दल शाल मिळते. प्रेमकथा लिहिणाऱ्याला, शेवट काय आहे हे पहिल्या दिवसापासून सगळ्या गावाला माहीत असताना, लोकांना उद्याच्या भागासाठी जागं ठेवावं लागतं. जागा नाही, आडोसा नाही, आडनाव सांगायची सोय नाही, अशा गावात दोन माणसांना बोलू द्यावं लागतं. माझ्या मते मराठीतला सगळ्यात कष्टाळू लेखक तोच. तेव्हा चुडाव्याला कधी उतरलात तर लेखकरावांची मुलाखत घ्यायला जाऊ नका, दोन पानं झेरॉक्स काढायला जा. कादंबरीचा खर्च त्यातूनच निघतो.